धुराडं उघडायचं कसं?

एका अनुवादक मैत्रिणीचा प्रश्न आहे. तिच्या इंग्रजी कादंबरीतली आजी नातवाला सांगते, ‘जाळ करायच्या आधी फ्लू उघड.’ तिने ‘धुराडं उघड’ असं लिहिलं आणि तिथेच अडली. धुराडं उघडायचं कसं?

अडली ते बरंच झालं. फ्लू म्हणजे धुराड्याच्या पोटातली पोकळ वाट. छपरावर दिसतं ते विटांचं बांधकाम म्हणजे चिमणी. तिच्या आतून धूर ज्या मार्गाने वर चढतो तो फ्लू. एका चिमणीत असे चार-पाच फ्लूही असतात. इंग्लंडमधल्या जुन्या, एकमेकांना लागून बांधलेल्या घरांच्या चिमण्यांवर मातीची नळकांडी ओळीने उभी दिसतात. खाली प्रत्येक खोलीतल्या फायरप्लेसची धुराची वाट वेगळी, म्हणून वर तोंडंही वेगळी.

याच वाटांमध्ये काजळी खरवडायला लहान मुलांना घुसवत. कित्येक वाटा जेमतेम नऊ इंच रुंद. १८४० च्या कायद्याने एकवीस वर्षांखालच्यांना असं चढवायला बंदी घातली, पण ती सर्रास मोडली जाई. १८७५ च्या कायद्यानंतर मात्र ही प्रथा मोडली. इथे ‘मुलं चिमणीवर चढत’ असं भाषांतर केलं, तर मोकळ्या हवेत बाहेरून चढणारा मुलगा डोळ्यांपुढे येतो. अंधारात गुडघे-कोपर सोलत आतून वर सरकणारा पोर त्या वाक्यातून पार निसटतो.

आता आजीचं वाक्य. उघडायची असते ती त्या वाटेतली झडप, म्हणजे डॅम्पर. बोलताना, विशेषतः अमेरिकेत, त्या झडपेलाच फ्लू म्हणून टाकतात. तेव्हा सरळ ‘धुराड्याची झडप उघड’ लिहावं. ती बंद राहिली तर सगळा धूर खोलीत.

फ्लू उभाच असतो असंही नाही. आंध्र-कर्नाटकात ‘फ्लू क्युअर्ड’ तंबाखू पिकतो. त्याच्या कोठीत पत्र्याच्या नळ्या फिरवलेल्या असतात. गरम धूर नळ्यांतून जातो आणि पान नुसत्या उष्णतेवर सुकतं. याला ‘धुरावर सुकवलेला’ म्हटलं तर अर्थ पार उलटा होईल. आपल्या गुऱ्हाळात चुलवाणातला जाळ काहिलीखालून धुराड्याकडे ओढला जातो, तीही अशीच आडवी वाट. घरच्या चुलीतून वैलाकडे, म्हणजे शेजारच्या जोडचुलीकडे, जाळ जातो ते भोक म्हणजे तिचं धाकटं भावंड.

मला विचाराल तर बांधकामातल्या फ्लूला ‘धूरवाट’ आणि पत्र्याच्या फ्लूला ‘धूरनळी’ म्हणावं. देवनागरीत ‘फ्लू’ लिहिलं की मराठी माणसाला सर्दी-ताप आठवतो. वीजकेंद्रांच्या बातम्यांत ‘फ्लू गॅस’ वाचताना माझंही क्षणभर तेच होतं.