गोव्यातल्या खासगी एफएमवर इंग्रजी गाण्यांऐवजी अचानक हिंदी सुरू झालं, असं करायला परवानगी लागत नाही का?

नाही लागत. लायसन्स शहर आणि फ्रिक्वेन्सीचं असतं (केंद्र सरकारच्या खासगी एफएमसाठीच्या २०११च्या फेज तीन पॉलिसीत १५ वर्षांचं), गाणी कुठली लावायची ते स्टेशनवाले बघतात. मी काही वर्षं रेडिओच्या जाहिराती विकल्यात, खरं कारण तिथेच असतं, म्हापसा-पणजी बसमध्ये ड्रायव्हर जे लावतो ते अख्खी बस ऐकते आणि सोनाराला, साडीच्या दुकानवाल्याला तेच गिऱ्हाईक हवं, इंग्रजी गाण्यांवर पावसाळ्यात, टुरिस्ट नसताना, जाहिरातीचा स्लॉट विकून दाखवा! फक्त बातम्यांचं तसं नाही हां, खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच जशाच्या तशा लावायच्या. कोकणी-मराठी हवं असेल तर सरळ पणजी आकाशवाणी लावा.