कडुनिंबाच्या पाल्यात, सालीत आणि निंबोळीत एकच द्रव्यं असतात का? साध्या प्रयोगशाळेत ती कशी ओळखायची?

नाही, एकच नसतात. आमच्या घरात या प्रश्नावर खरिपाच्या दर हंगामात भांडण व्हायचं.

मोठेबाबांचं म्हणणं, "झाड एकच ना बाप्पा? मंग पाला काय अन् निंबोयी काय!" ते गंजभर पाला उकळून कपाशीवर फवारायचे, आणि निंबोळ्या पावसात झाडाखाली सडायच्या. मी तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बीएस्सीला होतो. पाला, साल आणि निंबोळीतला मगज तिन्ही सावलीत वाळवून, वेगवेगळे कुटून मिथेनॉलमध्ये भिजवले. मगजातलं तेल आधी हेक्झेननं काढलं, नाहीतर पुढे नुसता चिकट गोंधळ होतो.

फेरिक क्लोराइडनं सालीचा अर्क काळपट पडला, म्हणजे टॅनिन, तुरट द्रव्यांचं कुळ. मॅग्नेशियम आणि हायड्रोक्लोरिक आम्लानं पाल्यात लालसर झाक आली, म्हणजे फ्लेव्होनॉइड, वनस्पतींतल्या द्रव्यांचं आणखी एक कुळ. त्यातलं क्वेर्सेटिन पाल्यात असतंच. पण रंगाच्या चाचणीतून फक्त कुळ कळतं, नाव नाही. परीक्षानळीचा फोटो लावून 'अमुक संयुग सापडले' लिहिणारे प्रोजेक्ट मला रद्दी वाटतात.

म्हणून टीएलसी केली, म्हणजे पातळ थराच्या पट्टीवर अर्काचा ठिपका लावून द्रावकानं त्यातली द्रव्यं वेगवेगळ्या उंचीला नेली. निंबातलं किडीवर चालणारं मुख्य द्रव्य म्हणजे अझाडिरॅक्टिन. ते शुद्ध घेणं आमच्या ऐपतीबाहेरचं, तेव्हा कृषी केंद्रातून १०,००० पीपीएम (म्हणजे १ टक्का) अझाडिरॅक्टिन असलेल्या निंबाच्या औषधाची बाटली आणली आणि तिचा ठिपका शेजारी लावला. व्हॅनिलिन-सल्फ्युरिक आम्ल फवारून पट्टी तापवली. मगजाच्या रांगेत बाटलीच्याच उंचीला ठसठशीत ठिपका. पाल्याच्या रांगेत क्लोरोफिलचा हिरवा पसारा, त्या उंचीला जवळपास काही नाही.

पट्टी घरी नेली. मोठेबाबा म्हणाले, "ठिपके पाहून अळी मरते काय रे?" अळी तशीही लगेच मरत नाही हो! अझाडिरॅक्टिननं तिचं खाणं सुटतं, कात टाकणं बिघडतं. १९६८ साली ते वेगळं केलं तेसुद्धा बियांमधूनच, टोळांचं खाणं थांबवणारा पदार्थ म्हणून. नेमकी रचना कळायला १९८५ उजाडलं, प्रयोगशाळेत बनवायला २००७. त्यात ते उष्णतेनं आणि उन्हानं मोडतं. म्हणजे मोठेबाबा आधी चुकीचा भाग घ्यायचे, वरून तो उकळायचे. निंबोळीचा ५ टक्के अर्क करा: ५ किलो कुटलेला मगज रात्रभर थंड पाण्यात भिजवा, गाळा, थोडा साबण घालून १०० लिटर करा आणि संध्याकाळी फवारा.

दशपर्णीवाल्यांनी (निंबासह दहा झाडांच्या पाल्याचा अर्क फवारणाऱ्यांनी) अंगावर येऊ नये, पाला निकामी आहे असं मी म्हणत नाही. निंबिनसारखी कडू द्रव्यं त्यातही आहेत, फक्त अझाडिरॅक्टिनचा साठा मगजात. आणि ठिपक्याची उंची जुळली म्हणजे पुरावा झाला असंही नाही. नाव पक्कं करायला शुद्ध नमुना घेऊन एचपीएलसी (द्रव्यं नेमकी वेगळी करून मोजणारं यंत्र), जमल्यास रेणूचं वजन सांगणारा मास स्पेक्ट्रोमीटर लागतो. जिल्ह्याच्या कॉलेजात नसेल तर विद्यापीठात विचारा. झाड, वाळवण आणि साठवण बदलली की प्रमाणही बदलतं. बुरशी लागलेल्या निंबोळ्या घेऊ नका. निंबाचं तेल लहान लेकरांना पाजू नका, विषबाधा होते.

तुमच्या घरी कोणी "झाड एकच" म्हणालंच, तर वादात पडू नका. जूनमध्ये त्यांच्याआधी उठून निंबोळ्या वेचून टाका.