परदेशात कार्ड स्वाईप करताना मशीन ‘तुमच्या चलनात की इथल्या चलनात?’ असं विचारतं. काय निवडावं?

नेहमी तिथलं, म्हणजे स्थानिक चलन. एटीएमवरही तेच.

स्वतःच्या देशाच्या चलनातला आकडा ओळखीचा वाटतो, म्हणून बोट तिकडे जातं. खरी गोम तिथेच आहे. या प्रकाराला ‘डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन’ म्हणतात. त्यात दर दुकानदाराची किंवा एटीएमवाल्याची कंपनी ठरवते आणि स्वतःचा नफा त्यातच मिसळते. स्थानिक चलन निवडलं की रूपांतर व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या दराने होतं, जो बहुधा बराच बरा असतो. तुमच्या बँकेचं परकीय चलन शुल्क लागतं ते वेगळं. पण गंमत म्हणजे काही बँका आपल्या चलनात पैसे दिले तरी ते लावतात. म्हणजे दोन्हीकडून फटका! कॅशियरने परस्पर बटण दाबलं असेल तर सही किंवा पिन देण्याआधी व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. संकोच करू नका, निवडीचा हक्क तुमचाच आहे.

निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करा आणि ओटीपीचा नंबर परदेशात चालेल हे बघा. दोन कार्डं न्या, पण एकाच पाकिटात नकोत. हॉटेल आणि भाड्याच्या गाडीसाठी क्रेडिट कार्डच द्या. डेबिटवर अनामत अडकली तर खात्यातले खरे पैसे कित्येक दिवस गोठून राहतात.

विमानतळावर नोटा बदलून घ्यायच्याच असतील तर टॅक्सीपुरत्या.