टीव्हीतले स्फटिक: खरे की दुकानदाराची बडबड?

प्रश्न: चवथीला नवा टीव्ही घ्यायचाय. म्हापशातल्या एका दुकानदाराने क्यूएलईडी दाखवला. आत नॅनोक्रिस्टल असतात म्हणाला आणि साध्या टीव्हीपेक्षा बरेच पैसे जास्त सांगितले. खरंच असं काही असतं का? त्यात कॅडमियम हा विषारी धातू असतो असं मुलगा म्हणतो. शिवाय आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. हे टिकेल का?
– एक वाचक भगिनी, डिचोली

उत्तर: ताई, स्फटिक असतात ही थाप नव्हे. त्यांना क्वांटम डॉट म्हणतात. ते अवघे काही नॅनोमीटरचे; माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड. गंमत म्हणजे पदार्थ तोच ठेवून नुसतं माप बदललं तरी उजेडाचा रंग बदलतो. कॅडमियम सेलेनाइडचा दोनेक नॅनोमीटरचा कण निळा उजेड देतो, सहाच्या आसपासचा तांबडा. इलेक्ट्रॉनला वावरायला जागा जितकी कमी, तितकी उजेडाची ऊर्जा जास्त. भजनातली पेटी उघडून बघा, आखूड पट्टीचा सूर चढा लागतो, तसंच काहीसं.

हे आधी दिसलं रंगीत काचेत. सोव्हिएत रशियात अलेक्सेई एकिमोव्ह यांनी १९८१ च्या सुमारास ते दाखवलं, तर अमेरिकेत लुई ब्रूस यांना १९८३ मध्ये द्रवात तरंगणाऱ्या कणांत तेच आढळलं. अडचण एकच, सगळे कण एका मापाचे बनेनात. १९९३ मध्ये मुंगी बावेंडी यांच्या गटाने कढत द्रावकात रसायनं एकदम पिचकारीने सोडली. त्यामुळे सगळ्या कणांची सुरुवात एकाच वेळी झाली आणि पुढची वाढ उष्णतेने आवरता आली. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. पण तुमच्या दिवाणखान्यापर्यंत हा माल पोचला तो त्या पिचकारीमुळे, असं माझं मत.

टीव्हीत मागे निळे एलईडी असतात, त्यांच्यापुढे या कणांची फिल्म. थोडा निळा उजेड आरपार जातो, बाकीच्याचा हिरवा आणि तांबडा होतो. म्हणून रंग चोख येतात. काळा मात्र या फिल्मने जास्त काळा होत नाही, कारण मागचा दिवा पेटलेलाच असतो. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो नि स्वतः विझतो. तुमचा हॉल दिवसभर उघडा, उजेडाचा असेल तर क्यूएलईडी घ्या. रात्री दिवे मालवून सिनेमे बघणारं घर असेल तर ओएलईडीचा विचार करा. दुकानात रंग भडक दाखवणारा ‘डेमो मोड’ बंद करायला सांगून गणपतीवर बांधतात त्या फळापानांच्या माटोळीचा एखादा व्हिडिओ लावा. आंब्याच्या टाळांचा हिरवा आणि पिकल्या सुपारीच्या घोसाचा केशरी खरा वाटतो का, ते तुमच्याच डोळ्यांना कळेल. नुसत्या ‘क्यूएलईडी’ या अक्षरांवर जाऊ नका. माहितीपत्रकात क्वांटम डॉट असा स्पष्ट उल्लेख हवा.

मुलाचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. सुरुवातीच्या टीव्हींत कॅडमियमचे कण होते. आता बऱ्याच कंपन्या इंडियम फॉस्फाइड वापरतात. ‘कॅडमियम-फ्री’ लिहिलंय का बघा. तसाही फिल्मच्या थरांत बंद असलेला कण बघणाऱ्याला बाधत नाही. मात्र फुटलेला टीव्ही परसात जाळायचा नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यायचा.

दमट हवेचं म्हणाल तर ओल आणि ऑक्सिजन या कणांचे वैरीच. २०१३ च्या पहिल्या टीव्हींत ते काचेच्या नळीत बंद केलेले असत, आता फिल्मच्या दोन्ही बाजूंना अडसर-थर असतात. त्यामुळे फिल्मची काळजी तुम्ही नका करू. आपल्याकडे पावसात धोका विजेचा आणि मागच्या सर्किट बोर्डाला धरणाऱ्या ओलीचा. टीव्ही भिंतीला चिकटवून लावू नका, चांगला स्टॅबिलायझर घ्या. आणि गडगडाट सुरू झाला की प्लग काढा, केबलच्या वायरीसकट.