भारत हरला की मुलगा बोलेनासा होतो

प्रश्न: आम्ही दोह्यात राहतो. मुलगा अकरा वर्षांचा, जन्म इथलाच. जून २०२४ मधला भारत-कतार सामना आम्ही स्टेडियममध्ये बसून पाहिला. हरल्यावर शाळेत मुलांनी त्याला फार चिडवलं. पुढे सिंगापूरकडूनही हरलो, तेव्हा त्यानं निळी जर्सी कपाटाच्या तळाशी कोंबली. आता कतारची जर्सी मागतोय. हे म्हणतात, ‘फुटबॉल आपला खेळच नाही, क्रिकेट बघ.’ माझं माहेर कोल्हापूरचं, मला हे ऐकवत नाही. काय करू?

उत्तर: ताई, आधी ‘आपला खेळच नाही’ हे वाक्य घरात बंद करा. पोराला मनापासून वाईट वाटलंय आणि त्याचा बाबाच सांगतोय की ते वाटणं फुकटचं आहे. पराभवापेक्षा हे जास्त लागतं. शिवाय ते खरंही नाही. पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा फुटबॉलचा सामना असला की पेठांमध्ये काय वातावरण असतं, हे कोल्हापूरच्या लेकीला मी काय सांगणार!

मग त्या रात्रीबद्दल त्याच्याशी नीट बोला. मोठी माणसं ‘खेळात हारजीत चालायचीच’ म्हणून विषय मिटवतात आणि मूल एकटंच चघळत बसतं. ११ जूनला आपल्या छांगतेनं ३७व्या मिनिटाला गोल केला. कर्णधार छेत्री नुकताच निवृत्त झालेला, तरी संघ जीव तोडून खेळत होता. जिंकलो असतो तर विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत पहिल्यांदाच पोचलो असतो. ७३व्या मिनिटाला आपला गोलरक्षक गुरप्रीतनं अडवलेला चेंडू मैदानाच्या रेषेबाहेर गेला, कतारच्या खेळाडूनं तो आत ओढला आणि गोल दिला गेला. व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून पंचांचा निर्णय तपासणं, तिथं नव्हतं; दाद मागायची सोयच नव्हती. हा अन्यायच होता, असं त्याला स्वच्छ सांगा. पण ८५व्या मिनिटाचा कतारचा दुसरा गोल नियमात बसणारा होता, हेही सांगा. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावला, आपल्याच फातोर्ड्याच्या मैदानावर, सिंगापूरनं २-१ हरवलं आणि २०२७ च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली, तेव्हा पंचांकडे बोट दाखवता येत नव्हतं. दोन्ही गोष्टी माहीत असलेलं मूल वर्गात चिडवणाऱ्यांना उत्तर देऊ शकतं. नुसतं ‘आम्हाला फसवलं’ म्हणणाऱ्याला पोरं आणखी चिडवतात.

कतारची जर्सी? घेऊन द्या. त्यात गद्दारी कसली? ज्या गावात तो सायकल शिकला, तिथल्या संघानं २०१९ आणि २०२४ असा लागोपाठ दोनदा आशियाई चषक जिंकलाय. त्या आनंदात त्याला नाचावंसं वाटणारच. पण ताई, एक गोष्ट तुम्ही दोघांनी मनात ठेवा. तिथं जन्मला म्हणून त्याला तिथलं नागरिकत्व मिळत नाही. नोकरी संपली की परतायचं, हे आखातातल्या आपल्या मुलांना फार लवकर कळतं. त्यामुळे ‘मी कुणाच्या बाजूचा?’ हा प्रश्न त्याच्यासाठी नुसता खेळापुरता नाही. त्याला एकाच बाजूला ढकलू नका. निळी जर्सी मात्र धुऊन, घडी घालून त्याच्या कप्प्यात ठेवा आणि त्यावर काही बोलू नका.

यजमानांना एक विनंती करा: पुढच्या सामन्याला शेवटच्या शिट्टीपर्यंत त्याच्या शेजारी बसा. दोन गोल खाल्ले की रिमोट शोधायचा नाही. शिट्टी झाल्यावर कोण बरं खेळलं एवढंच विचारा, आणि त्याला बोलू द्या.

तुमच्या वडिलांनाही यात घ्या. पेठेतला माणूस पराभवानंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर का जातो, हे ते व्हिडिओ कॉलवर माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत गेलात तर पावसानं मैदान बंद असतं. म्हणून एकदा हिवाळ्यात जा, आणि तिकिटं काढण्याआधी शाहू स्टेडियमवर हंगाम कधी सुरू होतोय ते वडिलांना विचारून घ्या.