रजेवरचा माणूस

"मॅडम, डिपोर्ट होऊन आलोय. लोकांना काय सांगू?" मी समुपदेशक आहे. खेड-दापोली पट्ट्यातून आखातात गेलेल्यांकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की, नोकरीचा प्रश्न त्याच्या मागून येणार हे आता न सांगता कळतं.

सौदीत नऊ वर्षं पाइप वेल्डिंग केलेला एकजण (ओळख बदलली आहे) बायकोने रेटा लावला म्हणून माझ्याकडे आला. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो तो तिथला मालक, पगार देईना, म्हणून त्याने दुसरीकडे काम धरलं. कफीलने 'हुरूब', म्हणजे पळून गेल्याची नोंद केली. पकडला गेला आणि आउटपासवर, म्हणजे पासपोर्टऐवजी मिळणाऱ्या परतीच्या कागदावर, शिमग्याच्या तोंडावर घरी आला. गावात सांगितलं, रजेवर आलोय. माझ्यासमोर बसला तेव्हा आषाढ लागला होता.

तीन भेटी नुसतं "झोप येत नाही" एवढंच. चौथ्या वेळी मी विचारलं, "लोट्याच्या एमआयडीसीत चौकशी केलीत?"

"कशी करणार? रजेवरचा माणूस काम मागतो होय?"

"मग रजा किती दिवसांची आहे तुमची?"

तो हसला. मग बराच वेळ रडला. मी पाणी पुढे सरकवून गप्प बसले. असं गप्प बसणं जमायला मला दहा वर्षं लागली.

त्या दिवशी मलाही उमगलं. तोवर मी त्याच्या शरमेबद्दल बोलत होते, पण त्या शरमेने त्याचा दिवसच आखून ठेवला होता: रजेवरचा माणूस उशिरा उठतो, काम शोधत नाही, कर्जाचा आकडा बायकोलाही सांगत नाही. बालपण उकरत बसण्यापेक्षा माणूस रोज काय करतो तिथे हात घालावा, हे माझं जुनं मत आणखी पक्कं झालं.

ठरलं एवढंच, की एका माणसाला खरं सांगायचं. त्याने चुलतभाऊ निवडला. भाऊ म्हणाला, "मला शिमग्यालाच कळलं होतं." त्यानेच ठेकेदाराकडे नेलं. तिथे कागद कुणी मागितले नाहीत, पाइपचे दोन तुकडे जोडायला दिले.

अशा माणसांना मी आणखी दोन गोष्टी बजावते. थकलेल्या पगाराची तक्रार परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर नोंदवा. आणि "नवा पासपोर्ट काढू, परत पाठवतो" म्हणणाऱ्या एजंटला दमडी देऊ नका. पासपोर्ट बदलेल, तिकडे घेतलेले बोटांचे ठसे कसे बदलणार?

गणपतीत आरतीनंतर कुणीतरी त्याला विचारलंच, "मग, परत कधी?"

"सोमवारी," तो म्हणाला. "लोट्याला. पहिली पाळी आहे."