झोपेची लॅब नसलेल्या आरोग्य केंद्रात स्लीप ॲप्नियाचे रुग्ण कसे ओळखायचे?

केंद्रात झोपेच्या तपासणीची सोय नाही आणि नागपूर लांब, मग घोरणाऱ्यांपैकी पुढे कोणाला पाठवायचं, असं तुम्ही विचारलंय. स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबणं. त्यासाठी 'स्टॉप-बँग' ही आठ प्रश्नांची यादी वापरा. घोरणं, दिवसाचा थकवा, झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहणं, वाढलेलं बीपी, बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ३५ च्या वर, वय ५० च्या वर, मानेचा घेर ४० सेंमीच्या वर आणि पुरुष असणं: प्रत्येक 'हो'ला एक गुण. २ पर्यंत धोका कमी, ३-४ मध्यम, ५ किंवा जास्त म्हणजे मोठा. बीपी-शुगरच्या रुग्णांची यातली चार उत्तरं तुमच्या रजिस्टरमध्येच असतात. मान मोजताना रुग्ण ताठ बसलेला हवा आणि टेप कंठमण्याच्या लगेच खाली. आपल्याकडे बीएमआय २७.५ च्या वर असला तरी मी सावध होतो. ३५ ची वाट पाहिली तर बरेच रुग्ण निसटतात.

खरी गडबड पहिल्या तीन प्रश्नांत होते, कारण ती उत्तरं रुग्णाकडून नीट मिळत नाहीत. शेजारी झोपणाऱ्याला बोलवा आणि त्यांच्याच बोलीत विचारा: "झोपीत यायचा श्वास मधातच थांबते का? मंग दचकून जोरात श्वास घेते का?" बाया घोरणं लाजेनं सांगत नाहीत. सकाळी डोकं दुखतं, अंगात त्राण नाही, एवढंच म्हणतात आणि हातात लोहाच्या गोळ्या पडतात. हिमोग्लोबिन जरूर पाहा, पण सासूला किंवा मुलीला घोरण्याबद्दल विचारल्याशिवाय सोडू नका. थकव्याचंही तसंच. रानडुकरांसाठी जागलीला जाणारा किंवा रात्रीच्या लाइनीवर ओलित करणारा माणूस दिवसा पेंगणारच. जागल नसलेल्या दिवसांत डुलकी येते का, ते विचारा.

ओपीडीत बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. जागेपणी ऑक्सिजन बहुधा ठीकच असतो. रात्रभराची नोंद साठवणारं यंत्र असेल तर उपयोग आहे. मात्र सिकलसेलच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) रुग्णात ऑक्सिजनचा आकडा मुळातच कमी दिसू शकतो, आणि तो आजार आपल्या भागात भरपूर आहे. नोंद चांगली आली तरी ॲप्निया नाही असं ठरत नाही.

लहान मुलांना ही यादी लावू नका. मूल रोज घोरत असेल, तोंडानं श्वास घेत असेल तर थेट कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवा.

५ किंवा जास्त गुण असलेल्याला झोपेची गोळी देऊ नका, दारू बंद करायला सांगा. तो ट्रक, काळीपिवळी किंवा ट्रॅक्टर चालवत असेल तर तपासणी होईपर्यंत गाडी थांबवायला सांगा आणि हे घरच्यांसमोर सांगा. पुढे पाठवायच्या चिठ्ठीवर नुसतं 'घोरणं' लिहू नका. गुण, मानेचा घेर, बीपी आणि शेजारी झोपणाऱ्यानं काय पाहिलं, हे सगळं लिहा. शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर हीच चिठ्ठी भूलतज्ज्ञाला आधी दाखवायला सांगा.